हरणीची खांदेमळणी

टेंभुर्णीचा धुळाजी भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावानं ते कधी झाकलं नाही आणि त्यानंही नाही. विहिरीत वाकून बघायला तो भ्यायचा. तहसिलीचा शिपाई गावात शिरला की हा मागच्या अंगानं रानात जायचा, आणि शिपाई गेला का ते विचारायलाही दुसऱ्याला पाठवायचा. सासुरवाडीत जेवायला बसला तर दुसऱ्यांदा कालवण मागायची त्याची छाती होत नसे. बरं, जन्म कुणाच्या घरात, तर मेंढक्याच्या, आणि हा कुत्र्याला भ्यायचा. त्याचा बाप कपाळाला हात लावून म्हणायचा, "लांडगा आला तर मेंढरंच राखतील याला."

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसायला फारशी जागा नाही.

हाच धुळाजी सायकलीवर बसला की बदलायचा. मान ताठ, पागोटं मागं सरकलेलं, तोंडात शीळ. वाटेत पाटील भेटला तरी खाली न उतरता नुसती मान हलवून पुढं जायचा. खाली उतरला की पुन्हा होता तसा.

ही सायकल त्यानं घेतली ती एकोणीसशे तीसच्या सुमारास, लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हा. लोकर विकायला जालन्याला गेल्ता. तिथल्या एका कापसाच्या जिनातला गोरा साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याचं सामान विकायला काढलेलं होतं. भिंतीला टेकवलेली ती काळी, उंच सायकल धुळाजीनं बघितली आणि त्याचं भान गेलं. बापानं नुकतीच मेंढरं वाटून दिली होती. आपल्या वाट्याची निम्मी त्यानं विकली आणि सायकल घेतली. चालवता तर येत नव्हतीच. मंग नवी गाय दावं धरून आणावी तशी हँडलाला धरून त्यानं ती जालन्यापासून टेंभुर्णीपर्यंत पायी आणली, आणि वाटेत मुक्काम पडला तिथं तिच्या चाकाला पाय लावून झोपला, कुणी नेऊ नये म्हणून.

दारात बाप उभा होता. त्यानं सायकलीभोवती एक चक्कर मारली.

"याला लोकर येती का?"

"न्हाई."

"दूध?"

"न्हाई."

"मंग हे खातं तरी काय?"

"काई बी खात न्हाई."

बापानं बराच विचार केला. "मंग राहू दे," तो म्हणाला. "न खाणारं जनावर या घरात पहिल्यांदाच आलं."

धुळाजीची बायको आसराबाई हिनं दारात आलेल्या जनावराचे पाय धुवावेत तशी चाकं धुतली, कुंकू लावलं. धुळाजीनं नाव ठेवलं हरणी. नजर लागू नये म्हणून हँडलाला काळा दोरा आणि बिब्बा बांधला. सायकलीची घंटी मोडली तेव्हा एका मेलेल्या मेंढीच्या गळ्यातली घंटा आणून लावली. रात्री हरणी घरात आणि धुळाजी ओट्यावर. रोज सकाळी पागोट्याच्या शेवानं तिचं अंग पुसायचं, एकेक तार पुसायची, आणि मंग तोंड धुवायचं. आसराबाई बघून बघून म्हणायची, "सवत आणली असती तर निदान दळण तरी दळलं असतं तिनं."

गावाबाहेर बाभळी फार. काट्यांची वाट आली की धुळाजी खाली उतरून हरणीला खांद्यावर घ्यायचा. ओढ्याला पाणी असलं तरी खांद्यावर. तो सायकलीवर बसून जेवढा फिरला त्यापेक्षा सायकल त्याच्यावर बसून जास्त फिरली, असं लोक म्हणत. ते काही खोटं नव्हतं.

लाडकं माणूस असो की जनावर, लाडाबरोबर भीती येतेच. आधी जगाची भीती होती, त्यात हरणीची भर पडली. कुणी चोरील का, सरकार मागंल का, उंदीर टायर कुरतडतील का. रात्री उठून तो तिला हात लावून यायचा.

आता पोळ्याचं सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यातच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी सांजच्याला आपल्याकडं बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सुजतो, सोलतो. त्याला गरम पाण्यानं शेकून तूप आणि हळद चोळायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी बैल जुंपायचा नाही. काही झालं तरी नाही. धुळाजीकडं बैल नव्हते, हरणी होती. तो तिची खांदेमळणी करायचा, आवतण द्यायचा आणि पोळ्याला तिच्यावर बसायचा नाही. गाव आधी हसलं, मंग विसरलं.

पण तो तूप लावायचा ते फक्त हँडलाला आणि बसायच्या कातड्याला. चाकाच्या लोखंडी कड्याला चुकूनही नाही. जालन्याच्या मिस्त्रीनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कड्याला तेलाचं बोट लागू देऊ नको बाबा. ब्रेकाचं रबर त्याच कड्याला धरतं. कडं चिकट झालं की ब्रेक लागत न्हाई, मंग तुझी सायकल बिलकुल थांबत न्हाई." धुळाजीनं हे मनात ठेवलं. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण हरणीला दुसरं कुणी हात लावतच नव्हतं.

त्रेचाळीस सालचा पोळा असावा. धुळाजीची एकुलती एक लेक जयवंता माहेरी आलेली होती, आणि तिची चार वर्षांची पोरगी सोनी. जयवंताची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेल्ती. सोनी नवसाची. तिला ऊन लागू द्यायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, सगळं घर तिच्या मागं मागं. हरणीची घंटा वाजवायची परवानगी जगात एकट्या सोनीला होती.

त्या साली खांदेमळणीच्या दिवशीच धुळाजीला हिवतापानं धरलं. घोंगडीत गुंडाळून कुडकुडत पडलेला. दिवस कलला, गावात सगळीकडं बैलांची धुणीपुसणी चाललेली, आणि हा आतून कण्हत म्हणतोय, "हरणीचं ऱ्हायलं. हरणीचं ऱ्हायलं."

आसराबाईला त्याची दया आली. इतक्या वर्षांत तिनं हरणीचा दुस्वास केला असं लोक म्हणत, पण तसं काही नव्हतं. जीव लावायला तिला कुणी जागाच दिली नव्हती. "पडा गुमान," ती म्हणाली. "म्या करते." वाटीत तूप घेतलं, हळद कालवली आणि हरणीपुढं बसली. बसली आणि विचार करायला लागली. बैलाचा खांदा का मळायचा, तर ओझं खांद्यावर येतं म्हणून. या बयेला कुठला खांदा. हिचं सगळं ओझं तर चाकावर. नवरा येडा, वर्षानुवर्षं नुसतं हँडल चोळत बसलाय. आसराबाईनं दोन्ही चाकांची कडी तुपानं मळली. आतून, बाहेरून, तारांच्या मुळापर्यंत बोट घालून, बैलाच्या खुरात चिखल राहू देत नाही तसं. वरची हळद फडक्यानं टिपून घेतली, कडी चांगली चमकायला लागली. हात जोडले. "बाई, आज आवतण घे," ती म्हणाली. "उद्या जेवायला ये."

त्यात तिचं काय चुकलं ते सांगा. जनावराला लळा लावणाऱ्या घरातली बाई होती, तिला जसं सुचलं तसं तिनं मनापासून केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनीला विंचू चावला. गोवऱ्यांच्या ढिगामागं मातीचे बैल मांडून खेळत होती. किंचाळली तशी जयवंता धावली. विंचू लाल होता. काळ्या विंचवानं माणूस रडतं आणि लाल्यानं लेकरू जातं, असं त्या भागात म्हणत. शेजारच्या कचरूला उतारा येत होता. त्यानं मंत्र टाकला, कांदा चोळला, पुन्हा मंत्र टाकला. पोरगी आधी रडत होती ती रडायची थांबली, आणि तेच वाईट झालं. अंग घामानं निथळलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडत चालले. कचरूनं मंत्र मधेच सोडला. "धुळाजी, हे माझ्या हातातलं न्हाई," तो म्हणाला. "जाफराबादच्या दवाखान्यात न्या. जल्दी करा."

जयवंता सोनीचे तळवे चोळत होती. तिनं दोन लेकरं अशीच गार होताना बघितली होती.

गाडी कुठली आणायची? पोळ्याचा दिवस. सगळ्या गावाचे बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून उभे. तरी शेजारी कारभारी म्हणाला, "म्या जुंपतो. देव काय बोलंल ते मला बोलंल. पण गाडीनं दिवेलागणीच्या आत पोचत न्हाई, हे ध्यानात घ्या." दिवेलागणीपर्यंत सोनी राहणार नव्हती. सगळ्यांनी हरणीकडं बघितलं.

धुळाजी तापानं घोंगडीत बसून होता. आणि खरं सांगायचं तर भीतीनंही. वाटेत पिराचा उतार होता. लांबलचक, खाली जाऊन एकदम वळणारा, आणि वळणाच्या पुढं नदी. चांगल्या दिवसात, एकटा असतानाही तो उतार धुळाजी हरणीला हाताला धरून पायी उतरायचा. आज पायी उतरायला वेळ नव्हता.

"उठा," आसराबाई म्हणाली. "काल चांगली मळलीय म्या तिला. तिच्यात दम हाये. न्या."

त्यानं घोंगडी घेतली. रानात मेंढी व्याली की कोकरू पाठीशी बांधून आणतात, त्या गाठी त्याच्या बोटांना ठाऊक होत्या. सोनीला पाठीवर घेऊन तशीच बांधली, तिचं डोकं आपल्या मानेला लागेल अशी. वहाणा घालायचं भान राहिलं नाही. अनवाणी टांग मारली आणि निघाला.

आठ दिवस उघाडी होती, वाट सुकलेली. सपाटीला हरणी सुसाट निघाली. ब्रेकाला हात लावायचं कारणच पडलं नाही. धुळाजीच्या मानेवर सोनीचा श्वास लागत होता आणि त्याचं सगळं चित्त तिथं. श्वास लागला की पायडल मारायचा, नाही लागला की हाक मारायचा.

"सोने, घंटा वाजवू का?" तो विचारायचा. "सोने, आबाला हो म्हण."

ती हूं म्हणायची. मंग हूंसुद्धा म्हणेना. कपाळाचा गार घाम त्याच्या मानेवरून पाठीत उतरत होता. पोरगी रडावी, ओरडावी, आपले केस ओढावेत, असं त्याला वाटत होतं. देवाला एवढंच मागत होता की रडव तिला. बाभळीचे काटे आले तर तो पहिल्यांदाच खाली न उतरता वरूनच गेला. टायर टिकलं ते नशीब.

पिराचं थडगं दिसलं आणि उतार लागला. धुळाजीनं दोन्ही ब्रेक दाबले.

काही झालं नाही.

आधी त्याला वाटलं, तापानं हातात बळ राहिलं नाही. त्यानं दात खाऊन दाबले. रबर कड्याला लागलं, ते त्याला हाताला कळलं, पण धरत नव्हतं, नुसतं सरसर घसरत होतं. हरणीचा वेग वाढला. आणि मंग वास आला. गरम झालेल्या तुपाचा आणि हळदीचा, सणाच्या घरात येतो तसला वास. त्यानं खाली बघितलं. ब्रेकाच्या रबरापाशी पिवळं पाणी गोळा झालं होतं. आसराबाईनं काय केलं ते एका क्षणात त्याला समजलं.

जन्मभर तो ज्या ज्या गोष्टीला भ्याला होता, त्या सगळ्या एकत्र केल्या तरी या भीतीच्या पासंगाला पुरल्या नसत्या. वारा कानात घोंगावत होता. घंटा आपोआप वाजायला लागली, थांबेचना. खाली वळण, वळणापलीकडं कडा तुटून नदी. उडी मारावी तर पाठीवर पोरगी, पडलो तर तिच्यावर पडणार. हँडल जरा वाकडं झालं तर दोघं दगडात. त्याच्या तोंडून आवाज फुटत होता, कसला ते त्यालाही कळत नव्हतं, आई म्हणत होता की बिरोबा म्हणत होता. धोतर ओलं झालं. होतं असं माणसाचं. ज्याला होत नाही त्यानं त्या उतारावर जाऊन बघावं.

त्यानं अनवाणी पाय उचलून पुढच्या टायरवर टेकवला आणि जोर दिला. तळवा भाजला, कातडं निघालं. त्यानं पाय काढला नाही. वेग थोडा मोडला. थोडाच. वळण तसंच समोर येत राहिलं.

वळणाच्या अलीकडं, वाटेच्या कडेला, सडकेसाठी फोडलेल्या खडीचा ढीग होता. धुळाजीला तो दिसला. त्यावर चढवली तर हरणी थांबणार, आणि मोडणार. हे त्याला दोन्ही एकदमच कळलं. तो पुढं तोंडावर पडणार आणि सोनी त्याच्या पाठीवर राहणार, हेही कळलं. काट्यावरून कधी नेलं नाही त्या हरणीचं तोंड त्यानं दगडांकडं फिरवलं.

"बाई, माफ कर," असं म्हणाला म्हणतात. म्हणाला की नाही कोण जाणे, ऐकायला कुणी नव्हतं.

खडी उडाली. पुढचं चाक दगडांत रुतलं, मोडल्याचा आवाज झाला, आणि धुळाजी हात पुढं करून तोंडावर आपटला. पुढचे दात गेले. तळहात फाटले. पाठीवर वजन तसंच होतं, आणि हालत नव्हतं.

तो पडल्या पडल्या ऐकत राहिला. बघायला मान वळवायची त्याला हिंमत होत नव्हती. वळवली नाही तोवर पोरगी जिवंत होती, एवढंच त्याच्या डोक्यात.

मंग सोनी रडली. आधी बारीक, मंग मोठ्यानं.

धुळाजी उठला. हरणी कुठं पडली, किती मोडली, त्यानं बघितलं नाही. भाजलेल्या पायानं लंगडत लंगडत तो पळत सुटला. नदीला मांडीएवढं पाणी होतं. पाण्याला हा माणूस एरवी किती भ्यायचा. मधल्या धारेत त्याचा पाय सुटला, भीतीनं डोळे मिटले, पण तो चालतच राहिला. दवाखान्याच्या दारात पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला रक्त आणि गाठ सुटेना. डॉक्टरनं घोंगडी कात्रीनं कापली.

संध्याकाळी सोनीच्या हाताला ऊब आली. कारभारीनं खरंच बैल जुंपले होते. दिवेलागण झाल्यावर गाडी आली, तिच्यातून जयवंता उतरली. सोनीनं तिला विचारलं, "माझे बैल कुठं हायेत?" जयवंता तिथंच भिंतीला धरून खाली बसली.

सगळं निभावलं म्हणायला हरकत नव्हती. पण दवाखान्याच्या ओट्यावर पडल्या पडल्या धुळाजीला एक नवीनच भीती सुचली, आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा चिवट निघाली. आसरीला हे कळलं तर. आपल्या हातानं, तूप लावून, हात जोडून आपण नातीला नदीच्या कड्याकडं ढकललं, हे तिला कळलं तर काय. ती बाई मनाला लावून घेणारी. दोन नातवंडं गेली तेव्हा आपलीच दृष्ट लागली म्हणून तिनं महिनाभर अन्नाला हात लावला नव्हता. हे कळलं तर ती विहीर जवळ करील. याबद्दल धुळाजीच्या मनात काडीची शंका नव्हती.

सकाळी कारभारीच्या गाडीतून सगळे परत निघाले. उताराशी आले तेव्हा धुळाजी गाडीतून उतरून सगळ्यांच्या आधी हरणीपाशी गेला. काल अंधारात गाडीतल्या कुणाला ती दिसली नव्हती. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला होता, चाकाचा आठाचा आकडा झाला होता. तारांच्या मुळाशी पिवळं तूप थिजून बसलं होतं. नदीकाठचा चिखल आणून त्यानं दोन्ही कड्यांना तो फासला, पिवळं दिसेनासं होईपर्यंत. हरणीच्या अंगाला त्यानं कधी धूळ बसू दिली नव्हती. रडत होता, पण घाईघाईनं फासत होता, कारण कारभारी मागून येत होता.

घरी आसराबाई दारात उभी. सोनीला तिनं उराशी धरलं, आणि नवऱ्याच्या फुटक्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं?" तिनं विचारलं. "म्या मळलं त्यात काई चुकलं का? बाईमाणसानं हात लावला म्हणून देव कोपला का?"

"न्हाई," धुळाजी म्हणाला. "उतार बघून भ्यालो. हात सुटला माझा."

एवढंच. गावानं ते लगेच खरं मानलं, कारण धुळाजीबद्दल ते खरं मानायला कुणाला काही कष्ट नव्हते. पोरासोरांनी त्याला पाहिलं की ब्रेक दाबायची नक्कल करावी. आणि आसराबाई, जिच्यासाठी त्यानं हे तोंडावर घेतलं, तीच पाणवठ्यावर सगळ्यांना सांगायची, "हरणीत बळ होतं गं. म्या चाकं मळली होती म्हणून लेकरू तिथवर तरी पोचलं. हा मानूस मधेच भ्याला, न्हाईतर काय बी झालं नसतं." धुळाजी जवळ असला तर मान हलवायचा. खोटं वाटू नये म्हणून थोडं हसायचाही, दात नसलेलं.

हरणीला जालन्याला नेऊन त्यानं नवा चिमटा, नवं चाक बसवलं. त्यासाठी उरलेली बहुतेक मेंढरं गेली. आणि दर साली खांदेमळणीला काय व्हायचं, तर आसराबाई वाटी घेऊन यायची. आता तिचीच ती मानाची गोष्ट झाली होती. चाकांनीच पोरीला तारलं म्हणून चाकं मळायची, सालागणिक तूप जास्त. नको कसं म्हणणार? कारण सांगावं लागलं असतं. धुळाजी बाजूला उभा राहून बघायचा. मंग पोळ्याच्या पहाटे, ती उठायच्या आत, हरणीला गोठ्यामागं नेऊन राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं कडी घासायचा. वाळलेल्या फडक्यानं पुसायचा, बोटाला चिकट लागतं का बघायचा, पुन्हा घासायचा. तिला जाग येईल म्हणून श्वासही जपून घ्यायचा.

अठ्ठेचाळीसचा पोळा आला तो निजामाच्या राज्यातला शेवटचा, पण तेव्हा कुणाला ठाऊक होतं. रझाकारांच्या धास्तीनं निम्मं गाव सरहद्द ओलांडून वऱ्हाडात निघून गेल्तं. राहिलेली माणसं दिवसाही दाराला कडी लावून बसायची. वेशीत तोरण बांधायला कुणी पुढं येईना. जयवंता आणि सोनी टेंभुर्णीतच अडकलेल्या. ठरलं असं, की वेळ आलीच तर जयवंतानं शेतावाटे चालत जायचं आणि धुळाजीनं सोनीला हरणीवर घेऊन सरहद्द गाठायची. नऊ वर्षांची पोरगी, आता पाठीशी बांधता येणार नव्हती.

खांदेमळणीच्या सांजच्याला आसराबाईनं घरातलं होतं नव्हतं ते सगळं तूप हरणीच्या चाकांना लावलं. "यंदा तिला लई पळावं लागंल," ती म्हणाली.

पहाटे धुळाजी गोठ्यामागं घासत बसला होता. पुढचं चाक झालं. बाहेर कुत्रं भुंकलं की हात थांबायचा, मंग पुन्हा चालायचा. अंगावर सावली पडली म्हणून त्यानं वर बघितलं. आसराबाई उभी होती.

"काय करून राह्यले?"

"पुसून राह्यलो. दव पडलं होतं."

ती राखेकडं बघत राहिली. काथ्याकडं, पिवळ्या झालेल्या फडक्याकडं. मंग खाली वाकून तिनं हरणीला थोडं पुढं ढकललं आणि तो करतो तसा एक ब्रेक दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. दुसरा दाबला. मागचं चाक तुपावरून सरसर फिरत राहिलं. तिनं पुन्हा दाबून बघितलं.

"त्या साली बी असंच झाल्तं का?"

पाच वर्षं ज्याला भीत होता ते दारात आलं होतं, आणि त्याची नजर आपसूक विहिरीच्या वाटेकडं गेली.

"म्या भ्यालो होतो," तो म्हणाला. "बाकी काई न्हाई."

आसराबाई त्याच्यापुढं मातीत बसली. मंग म्हणाली, "सगळ्या पाणवठ्याला म्या तुम्हाला भित्रा म्हणून सांगितलं."

"ते तर खरंच हाये," धुळाजी म्हणाला.

तिनं त्याच्या हातातला काथ्या घेतला. मूठभर राख घेतली आणि मागचं चाक घासायला लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, ते तसंच राखेत पडत होतं. तारांच्या मुळापर्यंत बोट घालून ती घासत होती. धुळाजी तिच्या आणि विहिरीच्या वाटेच्या मधे सरकून बसला आणि फडक्यानं पुसत गेला.

उजाडल्यावर तिनं चाक हातानं जोरात फिरवलं आणि त्याला ब्रेक दाबायला सांगितलं. चाक थांबलं. तिनं पुन्हा फिरवलं, त्यानं पुन्हा दाबला. आत सोनी उठून हाका मारायला लागली, तरी आसराबाई चाक फिरवतच होती.